सहा नंबरची टाकी

नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उरकते, त्यामुळे आमच्या वायनरीतून ऑक्टोबरात रजा काढून इटलीतील बारोलो भागात एका हंगामापुरते काम करणे मला जमले. एकाच कुटुंबाच्या मालकीच्या त्या वायनरीच्या तळघरात आजोबांची स्लाव्होनियन ओकची अजस्र पिंपे आणि मुलाने पुढे आणलेली २२५ लिटरची फ्रेंच पिंपे समोरासमोर मांडलेली होती. १९८०च्या दशकात या लहान पिंपांवरून तिथे घराघरांत बाप-लेकांचे वाजले होते. तिथले वाइन-उत्पादक एलिओ आल्तारे यांनी तर वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली होती. आमच्या मालकांकडे मात्र दोन्ही पिंपे नांदत होती, आणि बारोलोला कायद्याने मुरवाव्या लागणाऱ्या ३८ महिन्यांपैकी लाकडातले किमान १८ महिने कोणत्या वाइनने कोणत्या पिंपात काढायचे, हे दरवर्षी चव घेऊन ठरे.

त्या सकाळी मी सहा नंबरच्या स्टीलच्या टाकीपाशी पोहोचलो, तेव्हा आजोबा शिडीवर होते आणि आल्बाच्या वाइनशाळेत शिकलेला त्यांचा नातू खाली पडद्यावरचे तापमान वाचत होता. आकडा होता २८.५ अंश, म्हणजे बारोलो ज्यापासून बनते त्या नेब्बिओलो द्राक्षासाठी अगदी योग्य. आजोबांनी कोपरापर्यंत हात सालींच्या थरात खुपसला आणि झटकन बाहेर काढला. (तिथे वाकताना मी श्वास रोखून धरतो, किण्वनातून, म्हणजे यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते त्या क्रियेतून, निघणारा कार्बन डायऑक्साइड माणसाला सावध व्हायला वेळ देत नाही.) त्यांनी मला खुणेनेच वर बोलावले.

किण्वन सुरू झाले की साली तरंगून वर येतात आणि त्यांचा जाड थर बनतो. या थरात उष्णता कोंडते, म्हणून खालचा रस पंपाने वर आणून त्यावर फिरवत राहावे लागते. मी लांब दांड्याचा थर्मामीटर त्या थरात घातला, तर ३७ अंश! टाकीचा सेन्सर खाली रसात होता आणि थंडाव्याचे वेष्टणही तिथवरच पोहोचत होते. पंपाच्या तोंडाशी बिया अडकल्यामुळे रात्रभर रस फिरलाच नव्हता, आणि पंप चालू असल्याचा हिरवा दिवा मात्र इमानेइतबारे जळत होता.

आजोबांचे म्हणणे होते की रस ताबडतोब उपसावा. नातवाने आधी घनता मोजण्याचा आग्रह धरला, आणि मला तो रास्त वाटला, कारण यीस्ट तग धरून आहे की नाही हे हाताला कळत नाही. साखर संपत जाते तशी रसाची घनता उतरते. आदल्या संध्याकाळी लिटरमागे १०४२ ग्रॅम असलेली घनता सकाळी १०४० होती. एरवी एका रात्रीत ती याच्या कितीतरी पट उतरते. सूक्ष्मदर्शकाखाली रंग शोषलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशी पुष्कळ दिसल्या, पण जिवंतही होत्या. किण्वन अडकले असते तर उरलेल्या साखरेवर जिवाणू पोसले जाऊन वाइन आंबण्याची भीती होती.

मग आम्ही सगळा रस शेजारच्या रिकाम्या टाकीत काढला. साली तळाशी बसल्या, वाफा निघाल्या. आजोबांनी तो रस उंचावरून पडू दिला, कारण यीस्टला हवा लागते. नातवाने तो शीतक-यंत्रातून २४ अंशांवर आणून सालींवर परत सोडला. दुपारी आम्ही हीच क्रिया पुन्हा केली. वादाला कोणालाच सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घनता १०३१ भरली. नातवाने माझा लांब थर्मामीटर दोरीने सहा नंबरच्या शिडीला बांधून टाकला, आणि आजोबा वर चढण्यापूर्वी खालून विचारत होते, पडद्यावर किती आहे.