कणकुंबीचा खड्डा, अथणीचा खड्डा

बेळगाव जिल्ह्यात झाडं लावायची म्हटलं की 'किती' हे सगळे विचारतात, 'कुठं' हे फारसं कुणी विचारत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं देशाची एक तृतीयांश जमीन झाडाखाली आणण्याचं ध्येय ठेवलं, डोंगराळ भागात दोन तृतीयांश. खालच्या कचेऱ्यांपर्यंत येईतो त्याचं उद्दिष्ट बनतं: यंदा इतके हेक्टर, इतकी रोपं. तीन बाय तीन मीटरवर खड्डे घेतले की हेक्टरी १,१११ बसतात. झाडं लावल्याबद्दल गुण देणाऱ्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या २०२४ च्या फेब्रुवारीतल्या पद्धतीतही हेक्टरी किमान १,१०० झाडंच धरली होती.

आता हा हिशेब अथणीच्या काळ्या रानात लावून बघा. तिकडं वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलीमीटर, आणि त्याचा जोर सप्टेंबरात. वनमहोत्सव मात्र १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात. फोटो निघतात, मग उघडीप पडते आणि रोप उभं वाळतं. त्यापेक्षा एप्रिलात दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा काढून ठेवावा, वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. उन्हानं तापू द्यावा. भरताना वरची माती आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत आधी घालावं. रोप ८ बाय १२ इंचांच्या पिशवीतलं घ्यावं आणि ऑगस्टअखेर ओल खोल गेल्यावर लावावं. पिशवी फाडूनच काढायची. तळाशी गोल फिरलेली मुळं कापून टाकायची, नाहीतर ती तशीच वेटोळी वाढतात आणि पाच वर्षांनी झाड वाऱ्यानं उपटतं.

उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, मुळं उघडी पडतात. त्यावर उपाय शेजारच्या उसाच्या फडातच आहे. पाचट जाळण्याऐवजी बुंध्यापासून वीतभर सोडून आळ्यात पसरावं. बुंध्याला टेकलं तर वाळवी चढते. कडुनिंब, चिंच, करंज, बाभूळ इथं पाच बाय पाच मीटरवर पुष्कळ झाले, हेक्टरी ४००. १,१०० रोपांना पाणी कोण घालणार?

खानापूर तालुक्यातल्या, धो-धो पावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडं सगळं उलट. जांभ्या दगडात खोल खड्डा मारला तर जुलैत त्याचा हौद होतो, मुळं कुजतात. तिथं फूटभर पुरे, आणि रोप उंचवट्यावर, जूनच्या पहिल्या पावसात. खरं तर त्या पट्ट्यात लावण्यापेक्षा राखणं स्वस्त पडतं. ऐन, किंजळ, जांभूळ यांना तोडलेल्या बुंध्यांतून फुटवे येतात. चराई आणि वणवा तीन वर्षं थांबवला तर रान आपसूक भरतं. जागा साफ करून, खड्डे पाडून तिथं नवी लागवड करणं म्हणजे आपोआप उगवलेली रोपं उपटून नर्सरीतली लावणं. अकेशिया (ऑस्ट्रेलियन बाभूळ) लावण्यामागं एक कारण हे की जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणून आकडा टिकतो.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळी केलेली पट्टी, जानेवारीतच, सकाळचं दव असताना, पाच-सहा मीटर रुंद साफ करून जाळून घ्यावी. मार्चपर्यंत थांबलं की जाळरेषेचीच आग रानात शिरते.

वरचा गोंधळ मोजणीतही आहे. देशातलं जंगल मोजणाऱ्या फॉरेस्ट सर्वे ऑफ इंडियाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा मोठी आणि किमान दहा टक्के भागावर झाडांचं छत्र असलेली जमीन म्हणजे वनाच्छादन, मालकी आणि झाडाची जात कोणतीही असो. काजूची बागही त्यात येते. त्यामुळं खानापूरचं जुनं रान विरळ झालं आणि काजू वाढला, तरी एकूण बेरजेत फारसं काही दिसत नाही. विरळ, मध्यम, दाट असे वेगळे रकाने असतात, ते वाचावेत.

लागवडीचीही मोजणी जुलैत नको, तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात. दर दहावी ओळ घ्यावी. पानं झडलेली दिसली म्हणून रोप मेलं असं धरू नये. नखानं साल खरवडायची. आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली, बुंध्याजवळ परत खरवडायचं.