जुन्या सागाचा स्टेव्ह स्नेअर: लग बसले, स्नेअर बेड बाकी

सध्याची स्थिती आधी सांगतो. मी स्नेअर ड्रम करतोय, म्हणजे खालच्या हेडवर तारा ताणलेला ड्रम, तोही स्टेव्ह पद्धतीने, उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून. त्याचा 24 पट्ट्यांचा, 14 इंची, साडेपाच इंच खोल सागवानी शेल, म्हणजे ड्रमचं पोकळ खोड, गोल झालाय. कडा कापून झाल्या, तेलाचे हात देऊन झाले आणि आठही लग (रॉड धरणारे धातूचे कान) जागेवर आहेत. वरचं हेड (वाजवायचा पातळ पडदा) चढवून टॉमसारखा, म्हणजे तारांशिवाय, वाजवूनही पाहिला. खालच्या कडेवर स्नेअर बेड, म्हणजे तारांसाठीच्या उथळ खाचा, कोरायचे तेवढे राहिलेत. तिथे घाई करायची नाही म्हणून थांबलोय, आणि थांबलोय तोवर इथवरची नोंद लिहून काढतो.

कमी खर्चात सॉलिड वुड स्नेअर करायचा असेल तर एक गोष्ट उलटी करावी लागते. आपल्या डोक्यात शेल आधी येतो आणि धातूचं सामान नंतर. खर्च मात्र नेमका धातूचा असतो. लग, रिम (हेड दाबून धरणारं कडं), टेन्शन रॉड (रिम लगाकडे ओढणारे लांब स्क्रू), थ्रो-ऑफ (तारा ताणायचा-सोडायचा खटका) आणि बट प्लेट (तारांचं दुसरं टोक धरणारी पट्टी) सुटे नवे घेतले तर त्या रकमेत एक बरा तयार स्नेअर येतो. लाकूड त्या मानाने किरकोळ. म्हणून आधी एक वापरलेला साधा स्टीलचा स्नेअर मिळवायचा, तो उघडायचा आणि त्याच्या सामानाला शोभेल असा शेल करायचा. शेलवरचे पोचे, गंज, स्टिकर काहीही असो, तो भाग आपल्याला नकोच आहे. बघायचं ते इतकंच: रिम सपाट काचेवर ठेवली की डुगडुगते का, प्रत्येक रॉड बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का आणि थ्रो-ऑफ ताण धरून ठेवतो का. हेड आणि खालच्या तारा मात्र नव्याच घ्यायच्या. वाचवलेला पैसा तिथे घातला तर कानाला कळतो.

पुढचं बरंचसं हा दाता ड्रमच, म्हणजे ज्याचं सामान काढून घ्यायचं तो वापरलेला स्नेअरच, ठरवतो. माझ्याकडच्याला आठ लग आहेत, तेही दुतोंडी, म्हणजे एकच लग वरच्या आणि खालच्या दोन्ही रॉडना धरतो. त्यामुळे खोली आपोआप साडेपाच इंच, म्हणजे साधारण 140 मिमी ठरली. साडेसहा इंचाचा मोह असेल तर असा दाता घेऊ नका, नाहीतर लांब रॉड शोधत बसाल. रॉडचे आटे बहुतेक ड्रमवर 12-24 या इंची मापाचे असतात, पण काही स्वस्त ड्रमवर मेट्रिक सापडतात. एखादा रॉड हरवला असेल तर बदली घेण्याआधी हे तपासा.

आता पट्ट्या किती? वीस पट्ट्यांचा शेल सगळीकडे दिसतो आणि दहा लगांना तो छान जमतो, दर दुसऱ्या पट्टीवर एक लग. आठ लगांना मात्र वीस म्हणजे अडीच पट्ट्यांचं अंतर, मग एक लग पट्टीच्या मध्यावर आणि पुढचा सांध्यावर. वाजण्यात फरक पडेल असं नाही, पण डोळ्यांना खुपतं. सोळा पट्ट्या घेतल्या तर कोन 11.25 अंश येतो, तो करवतीवर लावणं जिकिरीचं. चोवीसला कोन 7.5 अंश आणि दर तिसऱ्या पट्टीवर लग. गणित सोपं आहे: 180 भागिले पट्ट्यांची संख्या, तेवढा कोन प्रत्येक कडेला. पट्टीची बाहेरची रुंदी म्हणजे कच्चा (गोल करण्याआधीचा) व्यास गुणिले त्या कोनाचा टॅन. मी कच्चा व्यास 356 मिमी धरला, म्हणून रुंदी 46.9 मिमी आली. पक्का बाहेरचा व्यास 352 ठेवलाय. 14 इंच म्हणजे 355.6, आणि हेड शेलवर मोकळं तरंगायला हवं, अडकायला नको.

जाडीचं गणित इथेच करून घ्या, कारण लाकूड नंतर वाढत नाही. 18 मिमी जाड पट्ट्यांचं चोवीसकोनी कडं उभं केलं की आतल्या कोपऱ्यांची त्रिज्या 161.4 येते आणि बाहेरच्या सपाटीची 178. या दोहोंच्या मध्ये जो गोल कोरता येईल तोच आपला शेल. मला 12 मिमीची भिंत हवी होती, म्हणजे त्रिज्या 176 आणि 164. दोन्हीकडे दोन-अडीच मिमी सूट उरली, बस झाली.

स्टेव्हच का, असं विचारणारे भेटतातच. एकाच फळीला वाफ देऊन वाकवलेला शेल हा जुना आणि मानाचा प्रकार. 1930च्या दशकातला स्लिंगरलँडचा रेडिओ किंग तसाच होता, मेपलची एक फळी आणि आतून आधाराच्या कड्या. पण त्याला वाफेची पेटी, साचे आणि फळी मोडण्याची तयारी लागते. स्टेव्हला एक नीट लावलेली करवत पुरते. शिवाय स्टेव्हमध्ये लाकडाच्या रेषा उभ्या असतात आणि लांबीच्या दिशेने लाकूड जवळपास हलत नाही, त्यामुळे दुतोंडी लगाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर कायम राहतं. हवेतल्या दमटपणाने बदलतो तो व्यास. वर व्यासाला सूट ठेवली ती त्यासाठीही.

लाकूड जुन्या पलंगाच्या बाजूच्या फळ्यांचं, सागवान. सागाचं आकसणं-फुगणं हार्ड मेपलच्या जवळपास निम्मं असतं, आणि इतकी वर्षं वाळलेली फळी आता नवे नखरे करत नाही. तोटे दोन. सागात सिलिका असल्यामुळे पातं लवकर बोथट होतं. आणि ते तेलकट असतं, त्यामुळे गोंद लावायच्या अगदी आधी सांध्यांच्या बाजू ॲसिटोनने पुसाव्या लागतात. आदल्या दिवशी पुसून ठेवण्याचा उपयोग नाही, तेल परत वर येतं. कापण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा, जुन्या लाकडात खिळ्यांची टोकं लपलेली असतात. मास्क तर हवाच, सागाची धूळ अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते.

आता कोन, या प्रकरणातला खरा खेळ. 24 पट्ट्या म्हणजे 48 कडा. प्रत्येक कडेला 0.1 अंशाची चूक झाली तर शेवटी 4.8 अंश जमा होतात. 18 मिमी जाडीत ती दीड मिमीची पाचर होऊन शेवटच्या सांध्यात दिसते: आतून पट्ट्या टेकलेल्या आणि बाहेरून फट, किंवा उलट. करवतीच्या पात्याला चिकटवायचा डिजिटल कोनमापक 0.1 अंश दाखवतो खरा, पण इथे तेवढ्याने भागत नाही. त्याच्यापेक्षा गुण्या भरवशाचा. टाकाऊ लाकडाच्या सहा पट्ट्या त्याच कोनात कापा, टेपवर शेजारी शेजारी मांडून वळवा. सहा पट्ट्या म्हणजे पाव वर्तुळ, त्यामुळे दोन टोकांच्या कडा एकमेकींशी बरोबर काटकोनात यायला हव्यात. गुण्या लावला की बारा कडांची चूक एकत्र दिसते. पात्याला केसभर इकडे-तिकडे करत राहायचं, गुण्याखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत. हे कंटाळवाणं आहे आणि ह्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

पट्ट्या आधी लांबच लांब चिरायच्या, दोन्ही कडांना कोन देऊन, आणि मगच 150 मिमीचे तुकडे करायचे. छोटे तुकडे एकेक करून करवतीवर चिरायला जाऊ नका. कोन तर हुकतोच, बोटंही पात्याच्या फार जवळ जातात. दोन-तीन तुकडे जास्तीचे काढा. मग सगळे रांगेत मांडून रेषा आणि रंग जुळवत बसायचं, त्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

जोडणीत एक युक्ती फार कामाची आहे. सगळं कडं एकदम चिकटवायचं नाही. बारा-बारा पट्ट्यांची दोन अर्धी कडी करायची. दोन अर्ध्यांच्या मधल्या दोन सांध्यांना गोंद न लावता मेणकागद घालायचा आणि पूर्ण गोल बांधूनच वाळू द्यायचं, म्हणजे दाब सगळीकडून सारखा येतो. वाळल्यावर दोन अर्धी सुटी होतात. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून प्रत्येक अर्ध्याची दोन्ही टोकं एकाच वेळी घासून एका पातळीत आणायची. कोनाची उरलीसुरली चूक इथे निघून जाते. मग दोन सांध्यांना गोंद लावून शेवटची बांधणी. गोंद साधा सुतारी पांढरा-पिवळा. उन्हाळ्यात तो भराभर ओढतो, त्यामुळे पट्ट्या टेपवर पालथ्या मांडून सगळ्या फटींत एका दमात गोंद ओतायचा आणि गुंडाळायचं. बांधायला रॅचेटचे दोन पट्टे पुरतात. बाहेर आलेला गोंद जरा घट्ट झाला की पटाशीने काढा, ओला पुसलात तर लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि तेल लावताना डाग दाखवतो.

लेथ माझ्याकडे नाही. बाहेरून गोल करायला प्लायवूडच्या दोन चकत्या, मधून आटे पाडलेला लोखंडी रॉड आणि वर राउटर (फिरत्या बिटने, म्हणजे पात्याने, लाकूड कोरणारं यंत्र) सरकवायला दोन रूळ, एवढीच जिग, म्हणजे कामापुरती बनवलेली चौकट. चकतीवर आधी वर्तुळ आणि चोवीसकोन आखून घेतला की कडं बरोबर मध्यावर बसवता येतं. दोन चकत्यांमध्ये कडं दाबून धरायचं, राउटर वरून सरकवायचा, शेल हाताने सावकाश फिरवायचा, तोही बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने. एका वेळी अर्धा मिमी. लोभ केलात तर बिट लाकूड पकडून ओढतं.

आतल्या बाजूची जिग वेगळी. शेल आडवा करून दोन रुळांवर ठेवला आणि ट्रिम राउटर एका मजबूत आडव्या दांडीवरून शेलच्या पोटात, बिट खाली करून टांगला. 320 मिमीच्या पोटात लहान ट्रिम राउटर मावतो, मोठा मावत नाही. यातली खरी मेख अशी की शेल आपल्याच बाहेरच्या पृष्ठावर फिरतो. म्हणजे आतला काप बाहेरच्या गोलाशी बांधलेला राहतो आणि भिंत सगळीकडे सारखी येते. व्हर्नियरने फिरून पाहिलं, फरक दोन-तीन दशांश मिमीत आहे. हाताने घासून इतकं साधलं नसतं.

बेअरिंग एज, म्हणजे हेड जिच्यावर टेकतं ती शेलची कड, तिच्याबद्दल थोडक्यात. आतून 45 अंश, टोक बाहेरच्या कडेपासून दोन मिमी आत, बाहेरून हलकी गोलाई. स्टेव्ह शेलच्या दोन्ही कडांवर सगळीकडे लाकडाचं आडवं कापलेलं टोक येतं. ते राउटरने चिरफळतं, म्हणून तीन-चार हलके हात घ्या आणि बिट धारदार ठेवा. सपाटपणा बघायला शेल काचेवर ठेवून आत दिवा लावा आणि खोली अंधारी करा, उजेड कुठून डोकावतो ते लगेच दिसतं. शेवटी कडेवर मेण चोळलं, हेड त्यावर सहज सरकतं.

लगांच्या खुणा करायला मोजपट्टी नको. शेलभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, बरोबर घेरावर कापा, तीन वेळा दुमडा, आठ भाग तयार. सुमारे 138 मिमीला एक लग. भोकं बाहेरून पाडा आणि आतून लाकडी ठोकळा दाबून धरा. दाता ड्रमचे स्क्रू एक मिमीच्या पत्र्यासाठी होते, 12 मिमीच्या भिंतीला ते पुरणारच नाहीत. लांब स्क्रू आणि रुंद वॉशर आधीच आणून ठेवा. चोवीस पट्ट्या आणि आठ लगांच्या हिशेबात थ्रो-ऑफ आणि बट प्लेट दोन्ही नेमक्या सांध्यावर येतात. काळजी नको. नीट बसलेला उभ्या रेषांचा सांधा लाकडाइतकाच किंवा अधिक मजबूत असतो.

फिनिश जवसाच्या तेलाचं, आतून आणि बाहेरून सारखे हात. एकच बाजू बंद केली तर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर करतो. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

शेल साधारण सव्वा किलोचा भरला. नुसत्या वरच्या हेडवर आवाज कोरडा आणि मधल्या सुरांत भरदार आहे, स्टीलसारखी लांब घंटा त्यात नाही. रिमशॉटला, म्हणजे काठी हेडवर आणि रिमवर एकदम मारली की, लाकडाचा टणत्कार स्वच्छ येतो.

राहिले स्नेअर बेड. खालचं हेड जेमतेम 3 मिल, म्हणजे 0.08 मिमीच्या आसपास जाड असतं. वीस तारांची पट्टी चाळीस मिमीच्या आसपास रुंद. खाच तिच्यापेक्षा बरीच ऐसपैस, 120 मिमीपर्यंत, आणि मध्यावर दीड मिमी खोल अशी सुरुवात करणार आहे. दोन्ही बाजूंना हळूहळू विरत जाणारी, कारण उतार अचानक आला तर त्या पातळ हेडला सुरकुती पडते. अर्धगोल कानस, मग लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर. प्रत्येक वेळी हेड चढवायचं, तारा लावायच्या, अगदी हळू वाजवून कडेच्या तारा हेडला टेकतात का ऐकायचं. कमी पडलं तर आणखी पाव मिमी. अडीचच्या पुढे जायचा माझा विचार नाही. कोणी सागावर याहून उथळ खाचेवर भागवलं असेल तर कानस हातात घ्यायच्या आधी कळवा.