'मोरओव्हर' आणि ओली हळद

आमच्या वेळी, म्हणजे 1990च्या आसपास, मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली.) त्यामुळे दहावीत 'विज्ञान : शाप की वरदान' इंग्रजीत लिहायचं म्हणजे गाइड घोकणं आलंच. मी त्यात पटाईत. 'मोरओव्हर', 'फर्दरमोर', 'नेव्हरदलेस' निबंधावर अक्षतांसारखे उधळायचो.

मिरजेहून एसटीने येणाऱ्या आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा माझ्या एकाच पानावरच्या सात 'मोरओव्हर'ना लाल शाईने गोल केले. म्हणाले, "मोरओव्हर म्हणजे 'शिवाय'. शिवाय म्हणायला आधी काहीतरी म्हणावं लागतं रे!" मग 'ऑल' खोडून 'मेनी' केलं, 'ऑलवेज'चं 'ऑफन'. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. वक्तृत्व स्पर्धेत टेबलावर मूठ आपटणारा गडी मी!

आमची हळद सांगलीच्या मार्केट यार्डात जाते, हे सरांना ठाऊक होतं. "वडील अडत्याशी कसं बोलतात ते ऐकून ये," म्हणाले. गेलो. अडत्या म्हणाला, माल ओला आहे. वडील चिडले नाहीत. "थोडी वल हाय, कबूल. पण आतला रंग बघा की," म्हणत त्यांनी हळकुंड मोडून त्याच्यापुढे धरलं.

सोमवारी सरांनी तेच फळ्यावर इंग्रजीत मांडलं. आधी 'इट इज ट्रू दॅट', मग 'बट', आणि 'बट'च्या पुढे मोडलेलं हळकुंड. तोवर माझ्या निबंधात कुणीही काहीही म्हणालं तरी 'से'च असायचं. त्या तासाला कळलं, अडत्याचं ते 'क्लेम' आणि वडिलांचं ते 'अ‍ॅडमिट'.

पुढे मीही इंग्रजीच शिकवू लागलो. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनातल्या 570 शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. तीत 'फर्दरमोर' आणि 'नेव्हरदलेस' दोन्ही सापडले तेव्हा सरांना दाखवावंसं फार वाटलं. शब्द खोटे नव्हते हो, माझ्याकडे सांगायलाच काही नव्हतं! आता दहावीला 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' असतो, म्हणजे दिलेल्या मताची उलट बाजू मांडायचा प्रश्न. पोरं 'काउंटर'वाल्याला एक वाक्यही धड बोलू देत नाहीत.

हळदीनंतरचा पहिला निबंध मी घरी वाचून दाखवला, मराठीत अर्थ सांगत. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "भाव काय लागला?"

"दहात साडेसहा."

"म्हंजे जरा वलाच निघाला म्हणायचा."