मुलीच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा अर्ज आणि त्यानंतरचे लाभ : माझा अनुभव

माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. तिचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र), निरामय आरोग्य विमा आणि शाळेतील सवलती हे सगळे आज मार्गी लागलेले आहे. परंतु ते मिळवताना मला सतत जाणवले की पालकाला संपूर्ण मार्ग सांगणारे एकही कार्यालय नाही. रुग्णालय प्रमाणपत्रापुरते बोलते, शाळा प्रवेशापुरते आणि बँक खात्यापुरते. या सगळ्यांची सांगड घालण्याचे काम आईवडिलांवरच येते. रुग्णालयात रांगेत बसलेल्या पालकांनी मला तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून आमच्या बाबतीत जे जसे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात अंगणवाडीतून झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुलांची तपासणी करते. अशाच एका तपासणीत, मुलगी दोन शब्द जोडून बोलत नाही आणि तिच्या वयाची इतर मुले करतात त्या कित्येक गोष्टी तिला जमत नाहीत, हे पथकातील डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यांनी आम्हाला जिल्हा रुग्णालयातील डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात पाठवले. तेथे वाचा उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, असे पहिल्यांदा तेथील थेरपिस्टनी सुचवले. घरात यावर बरीच चर्चा झाली. पोरीच्या नावापुढे इतक्या लहानपणीच असे काही लागू नये, असे सासूबाईंना मनापासून वाटत होते आणि त्यांची ती काळजी मला आजही चुकीची वाटत नाही. परंतु थेरपीचा खर्च महिन्यामागून महिने चालणार होता, आणि त्या खर्चाला हातभार लावणारी प्रत्येक योजना पहिल्यांदा प्रमाणपत्रच मागत होती.

पहिला अडथळा वयाचा आला. मूल पाच वर्षांचे झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, तेव्हा नंतर या, असे आम्हाला खिडकीवरच सांगण्यात आले. नियम तसा नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलापासून प्रमाणपत्र देता येते. फक्त पाच वर्षांपर्यंत निदान बौद्धिक अक्षमता असे न लिहिता सर्वांगीण विकासात्मक विलंब असे लिहिले जाते आणि प्रमाणपत्र तात्पुरते असते. थेरपिस्टनी दिलेली त्या सूचनांची प्रत मी वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवली, त्यांनी ती शांतपणे वाचली आणि अर्ज घेण्यास सांगितले. पालकांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रमाणपत्र नाकारायचे असल्यास ते लेखी कळवावे लागते आणि त्या निर्णयाविरुद्ध कलम ५९ खाली अपील करता येते. खिडकीवरून तोंडी मिळालेला नकार हा कायद्याच्या दृष्टीने निर्णयच नव्हे.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. मुलाचे आधार कार्ड, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि पालकाचा मोबाइल क्रमांक एवढ्यावर तो भरला जातो. त्यातच रुग्णालय निवडायचे असते आणि शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो. हे काम महा-ई-सेवा केंद्रात करून मिळते आणि घरी मोबाइलवरूनही होते. खरा वेळ गेला तो त्याआधी. जन्मदाखल्यावर माझ्या पतींच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक होते आणि मुलीच्या आधारवर दुसरे. अर्ज भरून टाका, नाव पुढे दुरुस्त करता येईल, असा सल्ला अनेकांनी दिला, परंतु आम्ही आधी आधार दुरुस्त करून घेतले. पुढे बँक, विमा आणि शाळा या तिन्ही ठिकाणी तिचे नाव अक्षरन्‌अक्षर पडताळले गेले, तेव्हा त्या थांबण्याचे महत्त्व कळले. एका अक्षराच्या फरकाने ज्यांचे अनुदान अडले आहे असे पालक मला भेटले आहेत, आणि कार्ड निघाल्यानंतरची दुरुस्ती ही अर्जापेक्षाही जास्त दमवणारी असते.

पाच वर्षे पूर्ण होताच तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि पुन्हा मूल्यमापन करावे लागले. याच वयात बाल आधारवर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घेणेही बंधनकारक असते, म्हणून ते काम उरकूनच आम्ही नवा अर्ज भरला.

मूल्यमापनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेचा गाभा तोच आहे. बौद्धिक अक्षमतेत मुलाची बुद्धिमापन चाचणी होते आणि त्याबरोबर व्हीएसएमएस ही सामाजिक परिपक्वतेची मोजणीही होते. या दुसऱ्या मोजणीत मुलाला विचारतात त्याहून कितीतरी जास्त प्रश्न आईवडिलांना विचारतात. खाणे, कपडे घालणे, स्वतःची निगा, चालणे-फिरणे, बोलणे, कामात गुंतणे, इतरांत मिसळणे आणि स्वतःचे निर्णय घेणे अशा आठ अंगांनी ते प्रश्न येतात. ‘स्वतःच्या हाताने जेवते का?’ या प्रश्नाला आईच्या तोंडून पटकन ‘हो’ निघते, कारण तो घास तिने स्वतः उचलावा यासाठी आईने वर्षभर धडपड केलेली असते. परंतु विचारणाऱ्याला हवी असते ती रोजची स्थिती : ताट वाढून द्यावे लागते का, घास कालवून द्यावा लागतो का, मधेच उठून गेली तर परत आणून बसवावे लागते का.

आमच्या विशेष शिक्षिकेने यासाठी मला आधीपासून वही ठेवायला लावली होती. मूल्यमापनाच्या आधी काही आठवडे मी तिचा दिवस जसा जाईल तसा लिहीत गेले. फ्रॉक ती स्वतः घालते, पण पुढचा भाग कोणता हे तिला सांगावे लागते. शौचाला जायचे आहे हे ती दरवेळी सांगत नाही, ठरलेल्या वेळी आपण घेऊन जावे लागते. घर ओळखते, पण कोपऱ्यावरून एकटी परत येऊ शकत नाही. गॅसजवळ जाऊ नये हे तिला कितीही वेळा सांगितले तरी दुसऱ्या दिवशी ते तिच्या लक्षात राहिलेले नसते. यातली कोणतीही गोष्ट वाढवून लिहिलेली नव्हती आणि कोणतीही लपवलेली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ती वही पूर्ण वाचली आणि प्रत्येक प्रश्नाला त्यातले उदाहरण मागितले.

मुलीच्या देखत हे सगळे सांगणे फार जड जाते. ती समोर बसून लाकडी आकार खाचांत बसवत होती आणि मी तिला काय येत नाही याची यादी वाचत होते. त्या क्षणी मला आधार दिला तो एका विचाराने : येथे माझ्या मुलीचे मोल ठरत नाही, तिला दररोज माणसांची किती मदत लागते हे ठरते आहे, आणि ती मदत कमी सांगितली तर तिचा हक्कच कमी लिहिला जाईल. मूल्यमापनाला जाणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हे मनाशी पक्के करून जावे, असे मला कळकळीने वाटते. मुलाला त्या दिवशी झोप पुरी झालेली असावी आणि खाऊ, पाणी, आवडते खेळणे बरोबर असावे, कारण वैद्यकीय मंडळापुढे (बोर्डापुढे) जाण्याच्या दिवशी बराच काळ बसावे लागते आणि दमलेले, भुकेले मूल चाचणीत आपले खरे रूप दाखवू शकत नाही.

व्हीएसएमएसच्या गुणांवरून टक्केवारी कशी ठरते हेही त्या २०१८ च्या सूचनांत दिलेले आहे. सौम्य अक्षमतेला ५० टक्के, मध्यम अक्षमतेला ७५, तीव्र अक्षमतेला ९० आणि अतितीव्र अक्षमतेला १०० टक्के दिव्यांगत्व धरतात. आमच्या मुलीचे ७५ टक्के लिहिले गेले. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के लागतात, त्यामुळे त्या बाबतीत प्रश्न उरला नाही. प्रमाणपत्र तालुका बदलला, राज्य बदलले तरी देशभर चालते. यूडीआयडी कार्डावर अठरा अंकी क्रमांक असतो आणि ४० ते ८० टक्क्यांसाठी कार्डाची पट्टी पिवळी असते. छापील कार्ड टपालाने येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. पोर्टलवरून उतरवून घेतलेली प्रतही आमच्याकडून सर्वत्र स्वीकारली गेली.

कार्ड हाती आल्यावर सर्वांत आधी निरामय विमा घ्यावा, असे मी सांगेन. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. विमा घेण्याआधी कोणतीही वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही आणि संरक्षण वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत मिळते. आमच्याकडून नोंदणीचे ५०० आणि पुढे नूतनीकरणाचे २५० रुपये घेतले गेले; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना याहून कमी लागतात. रुग्णालयात दाखल न होताही नियमित थेरपीचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत यातून परत मिळतो, आणि सर्वसाधारण आरोग्य विम्यात आमच्यासारख्या पालकांना नेमके हेच मिळत नाही. मात्र पैसे आधी स्वतः भरावे लागतात. म्हणून थेरपीची प्रत्येक पावती मूळ स्वरूपात जपावी, तिच्यावर मुलीचे नाव, तारीख आणि थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडावी. विम्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. मार्चमध्ये नूतनीकरणाची आठवण कोणी करून देईल या भरवशावर राहू नये.

प्राप्तिकरात कलम ८०डीडी खाली पतींना ७५,००० रुपयांची वजावट मिळाली. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती अवलंबून नसते. ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर ती १,२५,००० रुपये होते. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळत असल्याने दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडूनच निवड करावी.

शाळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आम्ही घराजवळची जिल्हा परिषदेची शाळा निवडली. प्रवेशानंतर यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीच्या नोंदीत मुलीच्या दिव्यांगत्वाचा प्रकार भरला गेला आहे की नाही, हे मुख्याध्यापकांकडे बसून पाहून घेतले, कारण समग्र शिक्षा अभियानातील साहाय्य त्या नोंदीवरच येते. विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातील दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता आहे. रक्कम लहान आहे, परंतु त्या निमित्ताने तिचे स्वतःचे बँक खाते उघडले आणि आधारशी जोडले गेले.

ज्या लाभाविषयी मला सर्वांत जास्त विचारले जाते, त्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आमचे कुटुंब बसत नाही. रुग्णालयात ओळख झालेल्या एका ताईंना मी तहसील कार्यालयात सोबत केली. दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला, आणि त्यांच्यासारख्या घरात त्या वाढीने मुलाच्या औषधांचा आणि जाण्यायेण्याचा मोठा भाग भागतो. परंतु दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. वर्षभर नियमित मजुरी मिळालेले घरदेखील ही मर्यादा ओलांडते. म्हणजे कष्ट करून उभे राहू पाहणाऱ्या आईवडिलांनाच ती बाहेर ठेवते. अनुदानाच्या जोडीला ही मर्यादाही वाढली पाहिजे, आणि पालकांनी ही मागणी लोकप्रतिनिधींकडे लेखी करत राहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आमच्या ग्रामसभेत मी त्याचा लेखी हिशेब मागितला, त्यानंतर गावातील दिव्यांगांची यादी नव्याने झाली आणि मुलीचे नाव तीत आले. एसटीत तिला तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेत एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रवाशाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला शयनयान व थ्री-टियर वातानुकूलित डब्यात ७५ टक्के सवलत आहे, परंतु तिच्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांकडून वेगळे घ्यावे लागते.

आता पुढचे मूल्यमापन तिच्या दहाव्या वर्षी आणि त्यानंतरचे अठराव्या वर्षी होईल. अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली आहे. या मधल्या काळात जुने प्रमाणपत्र संपले तर विमा आणि सवलती दोन्ही अडतात, म्हणून दहावा वाढदिवस येण्याच्या बरेच आधी मी नूतनीकरणाचा अर्ज भरणार आहे. अठरा वर्षांनंतर आईवडील असलो तरी कायद्याने आम्ही तिचे पालक आपोआप राहत नाही. त्यासाठी जिल्हाधिकारी ज्या समितीचे अध्यक्ष असतात, त्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला लागणारी कागदपत्रे मी आतापासूनच तिच्या फाइलमध्ये वेगळ्या पाकिटात ठेवत आहे.