पन्नास टक्क्यांची बाटली

बर्बन म्हटलं की मराठी घरात आधी आठवतं ते साखरेचे दाणे लावलेलं, मधे चॉकलेटचं क्रीम असलेलं बिस्किट. अमेरिकेतल्या केंटकीच्या बर्बन व्हिस्कीशी त्याचं नातं नावापुरतंच. तरी बाटलीचं बूच काढल्यावर पहिला वास येतो तो व्हॅनिलाचा आणि करपू लागलेल्या साखरेचा, त्यामुळे त्या बिस्किटावर वाढलेल्या माणसाला ही दारू परकी वाटत नाही. स्कॉचचा धूर ज्यांना दवाखान्याची आठवण करून देतो, त्यांची तर इथे चटकन गट्टी जमते.

हा वास वरून घातलेला नसतो. तशी बंदीच आहे. धान्यात किमान 51 टक्के मका हवा, पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळून कोळसा केलेलं हवं. रंग, साखर, इसेन्स काहीही चालत नाही. पाणी तेवढं चालतं. पिंप जाळताना कोळशाच्या थराखाली लाकडातली साखर तांबूस होते, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन सुटतं, आणि अमेरिकन ओकमुळे ओल्या नारळाची झाक येते. केंटकीच्या उन्हाळ्यात दारू लाकडात मुरते, थंडीत परत बाहेर येते. म्हणजे माल पिंपात किती वर्षं होता आणि बाटलीत भरताना पाणी किती घातलं, मुख्यतः यावर किंमत ठरायला हवी. पुष्कळदा ती ठरते बुचावरच्या घोड्यावर. ब्लँटन्स नावाच्या बर्बनच्या बुचावर घोडेस्वाराच्या आठ वेगवेगळ्या मुद्रा असतात, प्रत्येकीवर नावातलं एक अक्षर. अख्खं नाव जुळवायला निघालेल्या माणसाशी चवीबद्दल बोलून उपयोग नसतो.

मक्याच्या गोडव्याला जोडीदार कोण, यावर दोन घराणी पडतात. राय हे गव्हासारखं धान्य असेल तर मिरी, दालचिनी, जिभेच्या कडेला झणका. गहू असेल तर झणका जातो आणि ताज्या पावाचा मऊपणा येतो. मेकर्स मार्क हे गव्हाचं सर्वांत सहज मिळणारं उदाहरण: मका 70, गहू 16, बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) 14 टक्के. अमेरिकेत साधारण 30 डॉलरची ही बाटली पहिल्यांदा बर्बन चाखणाऱ्याला द्यावी, रोज पिणाऱ्याला ती लवकरच गुळमट वाटू लागते. (लाल मेणावर सुरी चालवू नये. मेणात एक पट्टी असते, ती ओढली की काम होतं.) रायच्या बाजूला फोर रोझेस. त्यांच्याकडे धान्याची दोन मिश्रणं आणि यीस्टचे पाच प्रकार, म्हणून दहा वेगळे माल तयार होतात. एका मिश्रणात राय 35 टक्के, बर्बनच्या मानाने भरपूर. त्यांच्या सिंगल बॅरलमध्ये (एकाच पिंपातून भरलेल्या बाटलीत) तेच वापरतात, तरी तिखटाआधी पिकल्या फळाचा वास येतो. ही यीस्टची करामत.

जिम बीमची पांढऱ्या लेबलची बाटली चार वर्षांची, 40 टक्के अल्कोहोलची. तिच्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा वास असतो, काहींना तो आवडतो, काहींना खवट वाटतो. नुसती प्यायला ती पातळ आहे, सोड्यात बरी. त्याच कंपनीची नॉब क्रीक नऊ वर्षांची आणि 50 टक्क्यांची आहे, शेंगदाणा तोच पण अंगात दम. वय आणखी वाढलं की माल सुधारतोच असं नाही. कोऱ्या लाकडात फार वर्षं राहिलेली बर्बन उकळून उकळून कडवट झालेल्या चहासारखी जीभ कोरडी करते. स्कॉच जुन्या पिंपात निवांत म्हातारी होते, ही मोकळीक बर्बनला नाही. अठरा आणि वीस वर्षांच्या आकड्यांना भुलण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

आता हिशोब. लेबलवरचा अमेरिकन प्रूफचा आकडा म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट. 750 मिलीच्या 40 टक्क्यांच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल 300 मिली, 50 टक्क्यांच्या बाटलीत 375. दुसरीत पाणी घालून 40 टक्क्यांवर आणली तर साधारण 940 मिली व्हिस्की होते, म्हणजे तीन लार्ज पेग जादा. शिवाय पाणी किती, हे आपल्या हाती राहतं: 60 मिलीत 15 मिली घातलं की 50 चे 40 होतात. म्हणून किफायतीत पहिला नंबर इव्हन विल्यम्सच्या पांढऱ्या लेबलचा. ती बॉटल्ड-इन-बाँड आहे. 1897 च्या कायद्यानुसार असा माल एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेला आणि नेमका 50 टक्क्यांचा असावा लागतो. एवढं सगळं 20 डॉलरच्या आसपास मिळतं. चार-पाच डॉलर जास्त टाकले की वाइल्ड टर्की 101 येते, 50.5 टक्क्यांची. कायदा पिंपात 62.5 टक्क्यांपर्यंतचा माल भरू देतो, टर्कीवाले 57.5 वर भरतात. मग बाटलीत भरताना पाणी कमी लागतं आणि पिंपाची चव कमी पातळ होते. दालचिनी, काकवी, चामडं. या पैशात हिच्या तोडीची बाटली सापडणं कठीण.

बफेलो ट्रेस 45 टक्क्यांची, गोल चवीची, चांगलीच आहे. 25 ते 30 डॉलरला मिळाली तर घ्यावी. पण तिच्या डिस्टिलरीतून पॅपी व्हॅन विंकल ही दुर्मीळ, महागडी बर्बन निघते, त्या वलयामुळे काही दुकानं हिचेही दीडपट लावतात. तेवढे देण्यापेक्षा टर्की न्यावी.

तुलना करायची तर लेबल झाकून करावी, नाहीतर डोळेच चव ठरवतात. तीन सारखे ग्लास, प्रत्येकी 15 मिली, ओतणारा दुसराच, नंबर ग्लासच्या बुडाला. कमी टक्क्यांकडून जास्तीकडे जावं. उलट केलं की जीभ बधिर होऊन पुढचं सगळं पाणचट लागतं. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवावं, नाकाला अल्कोहोलचा चटका बसत नाही. पहिला घोट हिशोबात धरू नये. बर्फ शेवटी, कारण थंडीने वासच मिटतो. आणि चखण्याला शेव-फरसाण नको. तिखटानंतर रायचं तिखट कोणाला कळणार?

उरलेली बाटली उभी ठेवावी, आडवी ठेवल्यास कडक दारू बूच खाते. तिसरा हिस्सा उरला की छोट्या बाटलीत काढावी, मोकळ्या हवेने काही महिन्यांत वास मरगळतो.

आपल्याकडे फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरचं आयातशुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आलं. तरी वर राज्याचा कर असतोच, त्यामुळे इथे वरचा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही, आणि टर्कीसारख्या बाटल्या अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतूनच जास्त येतात. रिकामी पिंपं मात्र इथेही येतात. बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागतं, मग वापरलेली पिंपं विकली जातात, काही स्कॉटलंडला, काही गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन या व्हिस्कीच्या डिस्टिलरीकडे. तिथल्या माल्ट व्हिस्कीमध्ये व्हॅनिला लागला, तर तो केंटकीत अर्धवट खर्चून उरलेला असतो.