फॉरमॅट मारण्याआधी

आषाढ, शनिवार. सकाळपासून पावसाने झोडपलंय. लाईट दोनदा जाऊन आली.

टेबलावर समुद्रकाठच्या गुहागरकडचा एक लॅपटॉप. तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. निरोप नेहमीचाच: 'फार हळू चालतो, मधेच बंद पडतो, फॉरमॅट मारून द्या.'

हळू चालणं एक वेळ सिस्टीमच्या माथी मारता येईल, मधेच बंद पडणं नाही. ज्या हवेत चार महिन्यांत चामड्याच्या चपलांना बुरशी धरते आणि दाराची कडी गंजते, तीच हवा लॅपटॉपच्या पोटातही खेळते. रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या पट्टीच्या, सोनेरी दातांवर खारं पुट चढलेलं असेल, तर वर कोणतीही सिस्टीम टाका, तो अर्ध्यावर निळा किंवा काळा पडणारच. म्हणून पेनड्राइव्हच्या आधी स्क्रू ड्रायव्हर.

चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरायचं. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या बाहेर ओढल्या की पट्टी तिरकी वर उचलली जाते. दात पांढऱ्या, मऊ खोडरबराने पुसायचे. शाई खोडायचा निळा-लाल रबर नको, तो खरखरीत असतो आणि सोन्याचा मुलामाच खरवडतो. आजच्या पट्टीवरून दोनदा रबर फिरवल्यावर त्याची कड काळपट झाली. रबराचा चुरा खाचेत पडू द्यायचा नाही. मग सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकच हात. नेलपॉलिश काढायचं पाणी चुकूनही वापरू नये, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातं. पट्टी तिरकीच आत सरकवून खाली दाबायची. चिमट्या 'टक्' करून बसल्या नाहीत तर ती बसलेली नाही. त्यानंतर मेमटेस्टची, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, एक पूर्ण फेरी. एक जरी चूक दाखवली, तरी पट्टी बदलायची. त्यात दयामाया नाही.

आता डिस्क. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे, आकडे उघडून दोनच ओळी बघायच्या: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे कप्पे) किती आणि प्रलंबित सेक्टर किती. प्रलंबित शून्याच्या वर असतील, तर डिस्कला काही भाग वाचताच येत नाहीयेत. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे मालकाचे फोटो समुद्रात सोडणं. या डिस्कवर प्रलंबित ८ निघाले. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी, आणि तीही महत्त्वाचं आधी अशा क्रमाने, कारण अशी डिस्क कॉपी करता करताच मान टाकू शकते.

कॉपी करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळ्यांना आठवतं. विसरतात ते फॉन्ट. ग्रामपंचायतीचे जुने अर्ज, पतपेढीची पत्रं, लग्नपत्रिका हे सगळं युनिकोडच्या (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगच्या) आधीच्या श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. तो फॉन्ट गेला की फाइल शाबूत, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून हे फॉन्ट वेगळे काढून ठेवायचे. दोन मिनिटांचं काम, पण नंतर पश्चात्ताप दोन वर्षांचा.

काय टाकायचं? विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलची साधारण आठवी पिढी. पळवाटा आहेत, पण ४ जीबी रॅमवर तो हट्ट कशाला? मालक टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असतील तर वेगळा विचार; नुसतं ब्राउझर, पत्रं आणि बिलं असतील तर विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम लिनक्स मिंट २२, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. मात्र फिरती डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे काही न फिरणारी चिपवरची डिस्क, घालायची. वेग मिंटपेक्षा त्यानेच जास्त वाढतो. जाडी बघून घ्यावी: एसएसडी ७ मिलिमीटर, जुनी डिस्क बहुधा ९.५. फरक भरायची पट्टी लावली नाही तर एसएसडी आत खुळखुळते.

मिंटची आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली फाइल, जवळपास ३ जीबी. मोबाइलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबीचा, त्यामुळे अर्ध्यावर अडकतंच. टॉरेंटने घेतली की उद्या तिथूनच पुढे सुरू होते आणि तुकडे तपासूनही घेतले जातात. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमने लिहायची. पेनड्राइव्ह स्वस्तातला असला तर दहा-पंधरा मिनिटं धरून चाला. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायच्या बूट मेन्यूसाठी डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९. एसरला एफ१२च, पण तो आधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, चालू करावा लागतो. इथे पुष्कळ जण पेनड्राइव्हलाच दोष देऊन मोकळे होतात.

इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी लाइव्ह मिंटमध्येच (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये) वायफाय, आवाज, कीबोर्ड तपासून घ्यावा. वायफायची चिप ब्रॉडकॉम कंपनीची असेल तर बहुधा वायफाय दिसणार नाही. फोन केबलने जोडून त्याचं नेट द्यायचं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यायचा. या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणून इन्व्हर्टरच्या प्लगवर लावला. अर्ध्यावर लाईट गेलीच तर घाबरायचं कारण नाही, एसएसडी कोरी आहे; पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचं. गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकची खूण करायची, भारतीय वेळेसाठी कोलकाता, कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट. वेगळे काढलेले फॉन्ट होम फोल्डरमध्ये .fonts नावाचं फोल्डर करून त्यात टाकले की जुनी पत्रं नीट उघडतात.

संध्याकाळ. सगळं बसलं, पण एकही साइट उघडेना. वायफाय पूर्ण, तरी प्रत्येक पानावर सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) तक्रार. तारीख बघितली तर १ जानेवारी, तीही कितीतरी वर्षांपूर्वीची. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपलेला. घड्याळ मागे गेलं की ब्राउझरला सर्टिफिकेट खोटं वाटतं, आणि माणूस रिचार्ज मारत बसतो. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा दोन वायरींच्या वेष्टनात असतो, त्यामुळे घड्याळवाल्याकडचा नुसता सेल चालत नाही; प्लगसकट तसाच मागायचा.

नवा सेल बसवला, वेळ लावली. चार्जर काढून रात्रभर तसाच ठेवलाय. सकाळी घड्याळ बरोबर दिसलं की मागचे स्क्रू आवळायचे.