लेकीची एटीव्ही (जाड टायरांची छोटी चारचाकी) सुरू झाली!

दोन महिने उभी होती. आज बाहेर काढली, तर स्टार्टर फिरतोय पण इंजिन काही पकडेना. कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडला. तळाशी जुन्या पेट्रोलचा पिवळट, चिकट थर, आणि पायलट जेटचं (गाडी सुरू होताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं) केसाएवढं भोक पार बुजलेलं. उजेडाकडे धरून आरपार दिसेपर्यंत साफ केलं. लेक शेजारी बसून एकेक स्क्रू डबीत ठेवत होती. यापुढे गाडी ठेवून देताना पेट्रोल काढायचंच.

टायरमध्ये ३-४ पीएसआय हवा भरली (याला एवढीच लागते, जास्त भरली की गाडी उसळते).

"बाबा, थ्रॉटलचा स्क्रू थोडा सोडा ना!" नाही. तो स्क्रू वेगाला लगाम घालतो; वळताना अंग आतल्या बाजूला झुकवायला जमेपर्यंत वेग एवढाच. हेल्मेट घातलं, किल स्विचची दोरी (पडली तर ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं) मनगटाला अडकवली आणि गेली भुर्रकन.